स्त्रियांची स्वतंत्र व्यायामशाळा : इतिहास काय सांगतो?

आजचा विषय ऐकून काही मंडळींना गंमत वाटली असेल. ज्यांनी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यांनी हिवरा आश्रमात येऊन जिमवर काय म्हणून बोलावं? पण विषय आम्ही निवडलेला नाही, श्रोत्यांनीच दिलेला आहे. प्रश्न साधा आहे. ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी लावलेल्या व्यायामशाळा आता मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोचल्या आहेत. तिथे नाव घालावं का? पैशाचं चीज होतं का? की हे एक नवं फॅड आहे?

आम्ही डॉक्टर नाही आणि व्यायामशिक्षकही नाही. त्यामुळे कोणत्या यंत्रावर किती वजन लावावं हे आम्ही सांगणार नाही. पण या साध्या प्रश्नाच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. बायकांनी शरीर कमवायचं तर ते कुठे, कुणाबरोबर आणि कुणासाठी? हा प्रश्न महाराष्ट्राने किमान दीडशे वर्षं या ना त्या रूपात विचारला आहे, त्याची वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. ती उत्तरं समोर ठेवली म्हणजे आजच्या पाटीकडे नीट बघता येईल. तेवढंच आज आपण करू.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. १२ जानेवारी ही तारीख बुलढाणा जिल्ह्यात दोनदा साजरी होते. सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव असतो. त्यांचा जन्म १५९८ सालचा. आणि १२ जानेवारी १८६३ ही स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख. त्यांच्या नावाने शुकदास महाराजांनी या गावात आश्रम उभा केला, शाळा-कॉलेज उभं केलं, दवाखाना उभा केला. गावाच्या नावातच आश्रम आला.

विवेकानंद परदेशातून परतल्यावर १८९७ साली मद्रासला जी व्याख्यानं झाली, त्यांत तरुणांना उद्देशून एक गोष्ट त्यांनी सांगितली. ती आपल्याकडे फार प्रसिद्ध आहे. आधी अंगात बळ आणा, फुटबॉल खेळा, दंड भरदार करा, मग गीता अधिक चांगली कळेल, असा तिचा आशय. आपण शाळेच्या भिंतीवर हे रंगवतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे ऐकायला समोर मुलगे होते. १८९७ साली मैदानावर मुली असतील, असं त्या सभेत कुणाच्या मनातही आलं नसेल. याच विवेकानंदांनी स्त्रियांच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. त्यांना शिक्षण द्या आणि बाजूला व्हा, त्यांचे प्रश्न सोडवणारे तुम्ही कोण, ते त्या स्वतः सोडवतील. आमच्या मते आजच्या विषयाला फुटबॉलच्या वाक्यापेक्षा हे दुसरं सूत्र जास्त लागू पडतं. का, ते पुढे येईलच.

आता एक चुकीची समजूत आधी दूर करू. पूर्वीच्या बायकांना व्यायामच नव्हता, असं म्हणणं खरं नाही. श्रावणातली मंगळागौर आठवा. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा. रात्र रात्र जागवून हे खेळ चालतात. बसफुगडी दोन मिनिटं घालून बघा, मांड्या भरून येतात. आपल्या वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. मुली घरोघर जातात, फेर धरतात, टिपऱ्या खेळतात, खाऊ ओळखतात. या सगळ्या खेळांत एक समान सूत्र आहे. ते बायकांचेच असतात. पुरुषमाणूस तिथे नसतो, असला तरी ओसरीवर. डोक्यावरचा पदर कमरेला खोचता येतो. मोठ्याने हसता येतं. म्हणजे बायकांची स्वतंत्र व्यायामाची जागा ही काही अमेरिकेतून आलेली कल्पना नाही. ती आपल्या माजघरात होती.

पण तिच्या मर्यादाही बघा. मंगळागौर श्रावणातल्या मंगळवारी, आणि तीही लग्नानंतरची पहिली पाच वर्षं. भुलाबाई एक महिना, आणि मुख्यतः कुमारिकांची. म्हणजे शरीर मोकळं करायची परवानगी होती, पण ती सणाच्या निमित्ताने, ठराविक वयात, देवाच्या नावावर. चाळीस वर्षांच्या बाईला बुधवारी सकाळी उगाच फुगडी घालावीशी वाटली तर? लोक म्हणतील, हिला काय झालं! रोजचा, निमित्त नसलेला, स्वतःसाठीचा व्यायाम तिच्या वाट्याला नव्हता.

तो कुणाच्या वाट्याला होता? तालमीतल्या पुरुषांच्या. आखाड्यात मारुती, लाल माती, लंगोट आणि ब्रह्मचर्याचा दंडक. तिथे बाईने पाऊल टाकायचं नाही हा नियम लिहावाही लागत नव्हता. अपवाद होते, पण ते राजघराण्यातले. गोडसे भटजींनी १८५७च्या धामधुमीतला आपला प्रवास पुढे लिहून काढला. ‘माझा प्रवास’ या नावाने तो १९०७ साली छापला गेला. त्यात झाशीच्या राणीची दिनचर्या येते. बाईसाहेब पहाटे उठून मल्लखांब करीत, घोड्यावर रपेट करीत, याचं वर्णन भटजी मोठ्या कौतुकाने करतात. आता मल्लखांबाची गंमत अशी की ही विद्या पेशवाईच्या अखेरीला बाळंभट्टदादा देवधरांनी नव्याने चालू केली, ती पैलवानांसाठी. आज मुली दोरीच्या मल्लखांबावर जी आसनं करतात ती बघितली की वाटतं, या खेळाला इतकी वर्षं पुरुषांचाच का मानलं? राणीला जमलं, ते राणीच्या दासीलाही जमलं असतं. फरक ताकदीचा नव्हता, परवानगीचा होता.

या परवानगीच्या मुळावर पहिला घाव घालणारी बाई आपल्याच बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे इथे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. १८८२ साली ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. त्यात व्यायामाचा विषय नाही. पण त्यांचा मूळ मुद्दा आपल्याला उपयोगी आहे. जी गोष्ट बाईने केली तर दोष आणि पुरुषाने केली तर काहीच नाही, तिथे मोजायचं मापच खोटं आहे. हे माप हातात घेऊन पुढचा इतिहास बघू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात व्यायामाची मोठी लाट आली. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. पुण्यातच १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांचं महाराष्ट्रीय मंडळ. दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांचं काम चालू होतं. तिथूनच मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश १९३६ पासून निघू लागला, त्याचे दहा खंड झाले. अमरावतीच्या मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आले. या सगळ्यामागे प्रेरणा एकच होती. देश गुलाम आहे, कारण देह दुबळा आहे. देह कमवा, देश उठेल.

मग बायकांचं काय? हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही, आणि इथे महाराष्ट्राने दोन वेगळी उत्तरं दिली. पाच वर्षांच्या अंतराने.

पहिलं उत्तर विदर्भातलं. २५ ऑक्टोबर १९३६, विजयादशमी. वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. त्यांची मुलं संघाच्या शाखेत जात. मुलग्यांना जी शिस्त आणि जे शारीरिक शिक्षण मिळतं ते मुलींना का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं निघालं की मुलींची वेगळी संघटना, वेगळी शाखा, शिकवणाऱ्याही बायकाच. दुसरं उत्तर पुण्यातलं. ४ जून १९४१ला राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. एस. एम. जोशी, साने गुरुजी ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. तिथे मुलगे आणि मुली एकाच मैदानावर, एकाच रांगेत कवायत करू लागले. त्या काळी हे फार धाडसाचं होतं. आईबापांना समजावताना कार्यकर्त्यांच्या नाकीनऊ येत.

या दोन संघटनांचं राजकारण एकमेकांच्या विरुद्ध आहे. त्या वादात आज आपण शिरणार नाही. आपल्याला फक्त मैदान बघायचं आहे. वेगळ्या शाखेने काय दिलं? ज्या घरातून मुलीला मुलांबरोबर खेळायला कधीच पाठवलं नसतं, त्या घरातली मुलगी लाठी फिरवायला बाहेर पडली. आणि बायका स्वतःच शिक्षिका, प्रमुख, व्यवस्थापक झाल्या. एकत्र मैदानाने काय दिलं? मुलीला मुलग्याची भीती राहिली नाही, आणि मुलग्याला मुलीकडे सहकारी म्हणून बघायची सवय लागली. म्हणजे बघा, दोन्ही उत्तरांनी काहीतरी दिलं, आणि जे दिलं ते वेगवेगळं होतं. एकाने दार उघडलं, दुसऱ्याने नजर बदलली.

एक गोष्ट मात्र त्या काळात जवळजवळ सगळीकडे सारखी दिसते. बाईने बलवान का व्हायचं, याचं उत्तर नेहमी दुसऱ्या कुणासाठी असं असे. सुदृढ संततीसाठी, राष्ट्रासाठी, अब्रू राखण्यासाठी. तिचे गुडघे दुखू नयेत म्हणून, तिला रात्री शांत झोप लागावी म्हणून, किंवा नुसतं तिला बरं वाटतं म्हणून, असं कुणी ठासून म्हणत नव्हतं. आणि आज? आज जाहिरात म्हणते, बारीक व्हा, सुंदर दिसा. कारण बदललं, पण ते अजूनही दुसऱ्याच्या डोळ्यांत आहे.

हे दुसऱ्याचे डोळे किती जड असतात, याचं उदाहरण म्हणजे हमीदा बानू. १९४० आणि ५०च्या दशकांत ही बाई पुरुष पैलवानांशी कुस्त्या लढत होती. मे १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. आणि कोल्हापुरात, आपल्या कुस्तीच्या पंढरीत, तिने एका पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा काय झालं? प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिला महाराष्ट्र केसरी कधी? २०२३ साली, सांगलीला. प्रतीक्षा बागडी पहिली विजेती. मधे बासष्ट वर्षं गेली. ज्याला वाटतं की बायकांची जागा आपोआप तयार होते, त्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला थोडी सवलत द्या. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात नेमका हाच प्रश्न आहे. राज्याचे रक्षक व्हायचं तर स्त्रियांनाही तेच शिक्षण हवं, तोच व्यायाम हवा, असं सॉक्रेटिस म्हणतो. ग्रीक व्यायामशाळेत पुरुष विवस्त्र असत. मग लगेच शंका येते, बायका तिथे गेल्या तर लोक हसतील की! सॉक्रेटिसचं उत्तर सुंदर आहे. तो म्हणतो, हसू दे. क्रीटच्या आणि स्पार्टाच्या लोकांनी पुरुषांचा असा व्यायाम पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्यांनाही लोक हसलेच होते. सवय झाली, हसणं संपलं. म्हणजे जे हास्यास्पद वाटतं ते बहुतेक वेळा वाईट नसतं, फक्त नवं असतं. सुमारे दोन हजार चारशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. पण प्लेटोने एक विचार केला नाही. हसणं संपेपर्यंत ते सोसायचं कुणी? त्या पहिल्या बायकांनीच ना? त्यांच्यासाठी एखादी भिंत असती, थोडी वर्षं, तर काय बिघडलं असतं?

आजची बायकांची जिम ही ती भिंत आहे.

जगात याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेचं. टेक्सासमध्ये १९९२ साली कर्व्हज नावाची फक्त स्त्रियांसाठीची व्यायामकेंद्रं सुरू झाली. कल्पना अगदी सोपी. यंत्रं गोलाकार मांडलेली, अर्ध्या तासात एक फेरी पूर्ण, घामाघूम तरण्या पोरांची गर्दी नाही. ज्यांनी जन्मात व्यायामशाळा पाहिली नव्हती अशा मध्यमवयीन बायका हजारोंनी आल्या, पंधरा वर्षांच्या आत केंद्रांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. मग ओहोटी लागली आणि अमेरिकेतली बरीचशी केंद्रं बंद पडली. जपानमध्ये मात्र हीच कल्पना साठी-सत्तरीच्या आजीबाईंनी उचलून धरली. तिथे आजही सुमारे दोन हजार केंद्रं चालतात. आम्ही यातून एवढंच घेतो की भिंतीमुळे बाई आत येते, पण आत टिकते ती तिथे मिळणाऱ्या गोष्टींमुळे. रोज तेच ते यंत्र, तेवढंच वजन, प्रगती काही नाही, तर सहा महिन्यांत कंटाळा येणारच. आणि ओळखीची चार माणसं, विचारपूस करणारी शिक्षिका असेल, तर सत्तरीतली बाईही रोज येते.

आता इथे बसलेल्या काही आयाबाया मनातल्या मनात म्हणत असतील, ‘सर, आमी दिवसभर वावरात राबतो, निंदण करतो, कापूस येचतो, घरी येऊन पाणी भरतो. आमाले कायले पायजे तुमची जिम?’ हा प्रश्न खरा आहे, आणि याला उत्तर द्यायलाच हवं.

उत्तर आयुर्वेदात सापडतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायामाची व्याख्या आहे. जी शरीराची हालचाल स्थैर्य देते, बळ वाढवते आणि इष्ट असते तो व्यायाम, आणि तो मात्रेत करावा. अकराव्या शतकातला टीकाकार चक्रपाणिदत्त या ‘इष्ट’ शब्दावर थांबतो. तो म्हणतो, हा शब्द मुद्दाम घातला आहे. ओझी वाहणं यांसारखी मनाविरुद्ध, कामाच्या गरजेपोटी करावी लागणारी मेहनत त्यामुळे वगळली जाते. हजार वर्षांपूर्वीचा वैद्य सांगतो आहे की डोक्यावरचा भारा म्हणजे व्यायाम नव्हे.

का नव्हे? एक तर मात्रा आपल्या हातात नसते. सोयाबीनची सोंगणी दमल्यावर थांबवता येत नाही. दुसरं, तेच स्नायू त्याच दिशेने वापरले जातात. दिवसभर वाकून कंबर झिजते, पण पाठीचे स्नायू बळकट होत नाहीत. तिसरं, झिजलेलं भरून निघावं असा आहार आणि विसावा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! यात राबणाऱ्या बायका आहेतच. मेहनतीनेच तब्येत होत असती तर हा आकडा असा नसता. आमच्या लेखी श्रम आणि व्यायाम यांतला भेद हा मालकीचा भेद आहे. श्रमात शरीर कामाच्या मालकीचं असतं, व्यायामात ते आपल्या मालकीचं असतं.

आणि ज्यांचं वावर सुटलं त्यांचं काय? गावातल्या शिकलेल्या सुना, शिक्षिका, दुकानात बसणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या. चूल गेली, गॅस आला. विहीर गेली, नळ आला. ते चांगलंच झालं. पण हालचाल गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा एक अभ्यास २०२४ साली लॅन्सेटच्या नियतकालिकात आला. त्याच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के. पुरेशी म्हणजे किती? आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. चालण्याने पहिलं साधतं. दुसरं नुसत्या चालण्याने साधत नाही, त्यासाठी वजन उचलावं लागतं, नाहीतर स्वतःच्या शरीराचं वजन वापरावं लागतं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं पुरुषांपेक्षा वेगाने ठिसूळ होतात, म्हणून ताकदीचा व्यायाम बाईला पुरुषाहून जास्तच गरजेचा. आणि नेमका तोच करायला तिला सगळ्यात जास्त संकोच वाटतो.

म्हणून वेगळ्या जागेचा मुद्दा येतो. पण इथे एक सावधगिरी. वेगळं असणं हे प्रत्येक वेळी सारखं नसतं. ५ मे १९९२ रोजी मुंबईत चर्चगेट ते बोरिवली फक्त महिलांसाठीची लोकल सुरू झाली. कामावर जाणाऱ्या बायकांची सोय झाली. पण साध्या लोकलमध्ये चढायची मनाई कुणी त्यांना केली नाही. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने बायकांना जिममध्ये आणि बागेत जायलाच बंदी केली. दोन्हीकडे शब्द एकच, बायका वेगळ्या. अर्थ उलटा. एकीकडे दाराची कडी आतून आहे, दुसरीकडे बाहेरून. कडी आतून असेल तर ती खोली, बाहेरून असेल तर कोठडी. म्हणून कुणी घरात म्हणालं, ‘सूनबाई, जायचं तर लेडीज जिमलाच जा, दुसरीकडे नाही,’ तर ती कडी बाहेरची आहे हे ओळखायला हवं. भले व्यायाम तोच असेल.

तर मग नाव घालावं का? आमचं उत्तर ‘हो’ आहे, पण अटी घालून.

पहिली अट, शिकवणारी बाई खरोखर शिकलेली असावी. अमरावतीच्या मंडळात आणि राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत आज मुली शारीरिक शिक्षणाची पदवी घेतात. अशा मुलींना आपल्या तालुक्यात काम मिळालं तर दुहेरी फायदा. दुसरी अट, तिथे वजनं असावीत आणि ती वाढवत न्यायला शिकवत असावेत. नुसता पळायचा पट्टा, मोठा आरसा आणि ‘महिन्यात दहा किलो कमी’ अशी पाटी असेल, तर पाऊल मागे घ्या. ते दुकान तुमच्या लाजेवर चालतं, तुमच्या ताकदीवर नव्हे. तिसरी अट, ज्या वेळी तुम्ही जाणार त्याच वेळी आधी एकदा जाऊन बघा. हवा खेळती आहे का, स्वच्छतागृह आहे का, कॅमेरा कुठे लावला आहे. चौथी, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. सूट कितीही देऊ देत. आधी महिनाभर जाऊन बघा. आणि पाचवी, जाण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ताटात डाळ, उसळ, अंडं वाढवा. ‘बलवान माणसानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा,’ असा आपल्या जुन्या वैद्यांचा सल्ला आहे. अशक्त बाईने तर तो दुप्पट पाळावा.

ज्या मुलीला मिश्र व्यायामशाळेत संकोच वाटत नाही, तिने मुद्दाम वेगळीकडे जायचं कारण नाही. ज्या गावात अशी जिमच नाही, तिथल्या बाईने तालुक्याला रोज एसटीने जाऊन यावं असंही आम्ही म्हणणार नाही. बसभाड्यात आणि वेळेतच हौस जिरेल. तिच्यासाठी दुसरा मार्ग आहे. अनेक गावांत शासनाच्या अनुदानातून व्यायामशाळा झाल्या, उघड्यावर व्यायामाची लोखंडी साधनं बसवली गेली. तिथे सकाळ-संध्याकाळ कोण दिसतं? पोरं. तीही सगळी व्यायाम करणारी नसतात, काही मोबाइल घेऊन बसलेली. साधनं सार्वजनिक पैशाची आहेत आणि सार्वजनिक म्हणजे निम्मी बायकांची. ताराबाईंचं माप इथे लावा.

आपल्या राज्यात एक चांगला नियम आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची. कायद्याने हे का केलं असेल? कारण पुरुषांच्या गर्दीत जी बाई तोंड उघडत नाही, ती बायकांत उघडते. एकदा बोलायची सवय झाली की मग मोठ्या सभेतही बोलते. वेगळी सभा ही मोठ्या सभेच्या ऐवजी नाही, तिच्या आधी आहे. स्वतंत्र व्यायामशाळेचं खरं स्थान हेच. ती मैदानाच्या ऐवजी नसावी, मैदानाच्या आधी असावी. वर्ध्याचं उत्तर आणि पुण्याचं उत्तर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात ते या दृष्टीने बघितलं तर एका रस्त्यावरचे दोन टप्पे दिसू लागतात.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. पुढच्या महिला सभेत बचतगटांच्या बायकांनी एक ठराव मांडावा. गावातली व्यायामशाळा, नाहीतर शाळेचं सभागृह, रोज एक तास बायकांसाठी राखून ठेवावं. कोणता तास, ते पुरुषांनी ठरवू नये. सासूबाईंना पहाटे जमेल, सूनबाईंना दुपारी. त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. सरपंच बाई असेल तर तिने तो ठराव ग्रामसभेत न्यावा. २०११ पासून आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, तेव्हा हात वर करायला माणसं कमी पडू नयेत. आणि पुरुष मंडळींनी काय करावं? विवेकानंदांनी सांगितलं तेच. किल्ली द्यावी आणि बाजूला व्हावं. त्या एका तासात पोरं कोण सांभाळणार, चुलीवरचं कोण बघणार, एवढा भाग मात्र त्यांनी स्वतःकडे घ्यावा. नाहीतर व्यायामशाळा उघडी राहील आणि बाई घरीच राहील.

आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न बायकांच्या बाजूने आला तर आम्हाला विशेष आनंद होईल.